डॅशबोर्डखालचं बटण

गाडीच्या पेट्रोलचा काटा किती खरा असतो, असं कुणी विचारलं की पूर्वी मी अर्धा तास बोलायचो. टाकीत एक गोळा तरंगत असतो, पेट्रोलबरोबर तो खालीवर होतो आणि तसा काटा हलतो. गाडी चढावर उभी केली की पेट्रोल टाकीच्या एका अंगाला जातं आणि काटा भलतंच काहीतरी दाखवतो. टाकी गळ्यापर्यंत भरली की पहिले पन्नास किलोमीटर काटा ढिम्म हलत नाही, आणि अर्ध्याखाली आला की धावत सुटतो. शून्यावर टेकला तरी तीन-चार लिटर शिल्लक असतातच. वीस वर्षं व्हॅन चालवतोय, पर्यटकांना किल्ला दाखवलाय, शाळेची पोरं वाहिलीत, तेव्हा एवढं ज्ञान पदरी असायचंच. आता कुणी विचारलं तर मी उठून आत जातो.

माझं नाव बाबली. कसाल-मालवण रस्त्यावरून आत वळलं की दोन किलोमीटरवर आमची वाडी. नऊ घरं, सगळी भावकी. नऊ घरांत चारचाकी एकच, ती माझी. आमच्याकडे एकाच्या घरी गाडी आली की ती वाडीची होते, हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. कुणाला स्टेशनवर सोडायचंय, कुणाची मुलगी बघायला पाहुणे यायचेत, कुणाला बाजारातून तांदळाचं पोतं आणायचंय. "बाबल्या, चावी दी रे" एवढं म्हटलं की झालं. गाडी नेतात, आणून खळ्यात, म्हणजे माझ्या अंगणात, लावतात, चावी खिळ्याला अडकवतात, आणि टाकीत वास तेवढा शिल्लक ठेवतात. मी बोललो तर मी कोता. दोनदा मी भाडं घेऊन निघालो आणि भर रस्त्यात गाडी आचके देऊन बंद पडली. एकदा तर गाडीत पुण्याचे म्हातारा-म्हातारी होते, त्यांची रेल्वे चुकली. त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

कुडाळला ओंकार म्हणून वायरिंगचं काम करणारा आहे. त्याच्याकडे गेलो. टाकीतून काट्याकडे येणारी एक वायर त्यानं तोडली आणि मधे बटण बसवलं. डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, हात घातल्याशिवाय दिसणार नाही असं. बटण चालू, काटा खरा. बटण बंद, काटा सरळ शून्यावर. ओंकार हसत म्हणाला, "बाबलीनु, चोरांसाठी काय ह्या?" मी म्हटलं, "भावकीसाठी." दोघंही पोट धरून हसलो. ते हसणं मला आता रोज ऐकू येतं.

दीड वर्ष ते बटण झकास चाललं. गाडी घरी लावली की बटण बंद करायचो. कुणी चावी मागायला आला की त्याला गाडीत बसवायचो, चावी फिरवायची आणि काटा दाखवायचा. "बघ तूच. पंपापर्यंत पोचतली काय माहीत नाय." नऊ किलोमीटरवर पंप. निम्मे लोक काटा बघूनच परत फिरायचे. उरलेले मुकाट्यानं पाच लिटर घालून आणायचे, ते माझ्या अर्ध्या भरलेल्या टाकीत पडायचे. घरात मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोच्या, मथुराच्या, तोंडात तीळ भिजत नाही. मुलगी तन्वी, बावीस वर्षांची, गाडी माझ्याइतकीच छान चालवते, पण ती सरळ स्वभावाची. ती म्हणाली असती, बाबा, नाही म्हणायचंय तर तोंडानं म्हणा. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती म्हणून तर बटण बसवलं होतं.

शेजारचं घर बाळाचं, माझ्या चुलत भावाचं. मधे फक्त दगड रचून केलेला एक गडगा, तोही गुडघ्याएवढा. बाळा माझ्याच वयाचा, काजूची बाग आणि थोडं भात. त्याची बायको सुगंधा. ती फार हसरी होती. घावणे केले की गडग्यावरून ताट पुढे करायची, आणि मला चिडवायची, "भावजी, तुमच्या गाडीचो काटो जल्मात कधी वर गेलेलो मी बघूक नाय. नजर लागली काय तेका?" मी म्हणायचो, "तुमच्या घोवाचीच नजर." तीही हसायची, मीही हसायचो.

बुधवारी बाळा चावी मागायला आला. सुगंधाच्या छातीत जळजळत होतं, कुडाळच्या डॉक्टरला दाखवायचं होतं. आजारी माणसाला नाही म्हणवेना. पण काटा मी दाखवलाच. "जावन येवक पुरात एवढ्याच आसा. येताना घाल." टाकीत तेव्हा खरोखरच थोडं होतं, सात-आठ लिटर. बाळा हो म्हणाला. डॉक्टरनं पित्त म्हणून गोळ्या दिल्या. मग दोघं बाजारात गेली, झाडू, सुपं, नातवाला खेळणं, असं काय काय घेतलं, आणि गाडी तशीच आणून लावली. "पैशे सपले रे बाजारात. उद्या घालतंय पेट्रोल." मी आतून पेटलो. गुरुवारी मी स्वतःच कुडाळला एक भाडं सोडलं आणि येताना टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. रविवारी विजयदुर्गाचं मोठं भाडं होतं. गाडी खळ्यात लावली, बटण बंद केलं, आणि शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं आंबोलीला बहिणीकडे गेलो. तिच्या जमिनीची मोजणी होती.

बहिणीच्या घरात मोबाईलला रेंज फक्त माजघराच्या खिडकीत येते. फोन तिथं ठेवून मी चहा घेत होतो. साडेनऊच्या सुमाराला तो वाजला. तन्वी होती.

"बाबा, बाळाकाका गाडी मागतत. काकीक परत बरा वाटणा नाय."

"परत?" माझा बुधवारचा राग अजून जागचा हलला नव्हता. "पेट्रोल नाय म्हणान सांग. परवा तेनाच सगळा संपवल्यान. तेका म्हण, आधी पेट्रोल घाल, मगे गाडी ने."

"मी काटो बघितलंय, खालीच आसा. पण बाबा, तिका घाम सुटलो हा, हात—"

मी फोन ठेवला.

नंतर सगळ्यांना मी सांगितलं की रेंज गेली. आंबोलीची रेंज म्हटल्यावर कुणाला शंकाही आली नाही. पण घाम हा शब्द मी नीट ऐकला होता. वीस वर्षं गाडीवर काढलेल्या माणसाला छातीत दुखणं आणि घाम म्हणजे काय ते कळतं. असे तीन पेशंट मी स्वतः वेळेत पोचवलेत. मी कपाकडे परत आलो. फोन आणखी दोनदा वाजला. बहीण म्हणाली, घेत का नाहीस? मी म्हटलं, "गाडी मागूक लोकांका दुसरो धंदो नाय." चहा गार झाला होता, तो मी तसाच प्यायलो.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. अँब्युलन्सला फोन केला, ती एका बाळंतिणीला घेऊन गेली होती, तासभर लागेल म्हणाले. खालच्या वाडीतला रिक्षावाला मालवणला होता. तन्वीनं बाळाला माझा निरोप शब्दशः सांगितला, कारण ती निरोप शब्दशःच सांगते. तुम्हीच संपवलंत, आधी घाला, मग न्या. काटा शून्यावर, तशीच गाडी काढली आणि आडरस्त्यात बंद पडली तर, ही बाळाला भीती. दोन प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन तो स्कूटरवर बसला आणि पंपाकडे सुटला. नऊ किलोमीटर जाणं, नऊ किलोमीटर येणं, आमचे रस्ते, पंपावर उभ्या दोन बस. त्याला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ सुगंधा माझ्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर आडवी होती. तिला आधीच आणून ठेवलं होतं, म्हणजे पेट्रोल आलं की लगेच निघता येईल. तन्वी तिला वारा घालत होती. भरलेल्या टाकीवर ती बाई पन्नास मिनिटं पडून होती.

बाळानं दोन लिटर आणून ओतलं. ते कसं मावलं याचा मी नंतर फार विचार केला. कुडाळहून येईपर्यंत तेवढंच जळलं असणार. ते टाकीच्या गळ्याला लागलं असणार. तन्वीनं गाडी हाणली. सुगंधा वाटेतच, कसालच्या अलीकडे गेली. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी फक्त हात बघितला आणि मान हलवली.

मथुराचा फोन आला तेव्हा मी मोजणीवाल्यांच्या मागे फिरत होतो. दुपारी चारला घरी पोचलो. व्हॅन खळ्यात उभी होती, मागचं दार उघडंच. बाळाच्या अंगणात माणसं जमली होती. मला बघून तो उठला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"बाबल्या, मीच मारलंय रे तिका. तू सांगलेलंस, येताना घाल म्हणान. माका दोनशे रुपयांचा पेट्रोल जड झाला. सुपां घेवक पैशे होते, पेट्रोलाक नाय होते."

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं मी, देवाशपथ उघडलं. पण आजूबाजूला सगळी भावकी, आत ती झाकून ठेवलेली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "आसा काय बोला नको." लोकांना ते समजूत घालणं वाटलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मी गाडीला हात लावला नाही. रविवारचं भाडं दुसऱ्याला दिलं. सुतक होतंच, ते कारण पुरेसं होतं. बटण काढून टाकावं असं मनात यायचं. पण वायर जोडली तर काटा भर्रकन वर जाणार, आणि नुसतं उपटलं तरी टाकी भरलेलीच राहणार. पाइप घालून पेट्रोल काढून टाकावं म्हटलं, तर गाडी उभी उघड्या खळ्यात आणि गडग्यापलीकडे दिवसभर भेटायला येणाऱ्यांची वर्दळ. मेलेल्या बाईच्या दारात उभं राहून मी हे असले हिशेब करत होतो. माझी मलाच किळस यायची, आणि तरी हिशेब चालूच राहायचा.

तन्वी माझ्याशी बोलेनाशी झाली. मला वाटलं, निरोप तिनं दिला म्हणून तिला लागलंय. दुसऱ्याच दिवशी ती फिनेल आणि पाणी घेऊन व्हॅन धुवायला बसली. सुगंधाला उलटी झाली होती. दोन तास ती गाडी धूत होती. आत आली आणि मला म्हणाली, "बाबा, ओरोस जावन येवक चाळीस किलोमीटर झाले. मधी मी पंपावर थांबूक नाय. दोन लिटरात आपली गाडी चाळीस किलोमीटर जाता?"

मी तिला काट्याचं शास्त्र सांगायला लागलो. शून्यावरही थोडं शिल्लक असतं, आपल्या खळ्याला उतार आहे, उतारावर काटा फसवतो. अर्धा तास पुरेल इतकं माझ्याकडे होतं. ती सगळं ऐकून घेत होती. माझं बोलणं आपोआप संपलं तेव्हा ती म्हणाली, "बरा." मग कपडे वाळत घालायला गेली.

तेराव्याचं जेवण झालं. भावकी अजून बाळाच्या अंगणात बसली होती, पानसुपारी चालली होती. बाळा आपल्या मांगरात, अवजारं ठेवायच्या खोपटात, गेला आणि गवत कापायच्या मशीनसाठी ठेवतो तो दहा लिटरचा कॅन घेऊन बाहेर आला. डोक्याचे केस काढलेले, अंगावर नवा पंचा. गडगा ओलांडून तो माझ्या खळ्यात आला आणि व्हॅनशेजारी कॅन खाली ठेवला.

"ह्या काय रे?" मी म्हणालो.

"तिच्या नावान घालतंय. बुधवारचा माझ्याकडना ऱ्हवला हा. ता डोक्यावर ठेवन माका झोप लागणा नाय."

"नको, बाळा. ठेव ता घरात."

"माका घालूक दी."

"अरे, माका काय नको हा पेट्रोल! खंयचा काय घेवन बसलंस? घेवन जा ता परत." माझा आवाज चढला होता. गडग्यापलीकडून कुणीतरी म्हणालं, बाबली मोठ्या मनाचा म्हणून. दोन-चार जणांनी मान डोलावली. बाळाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू नको म्हणतलंस, ता माका म्हायत होता," तो म्हणाला. "तरी घालतलंय."

मी टाकीच्या झाकणापुढे उभा राहिलो. मग तन्वी घरातून आली. तिच्या हातात नरसाळं होतं. मी तिला आणायला सांगितलं नव्हतं, बाळानंही नव्हतं सांगितलं. ती माझ्याजवळ येऊन थांबली आणि हळूच म्हणाली, "बाजूक व्हा, बाबा." तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी बाजूला झालो.

तिनं झाकण काढलं, नरसाळं लावून धरलं. बाळा दोन्ही हातांनी कॅन उचलून ओतू लागला. एक लिटर गेलं, दोन गेलं, आणखी थोडं गेलं. मग नरसाळं भरलं आणि पेट्रोल खाली जायचं थांबलं. बाळानं कॅन जरा उभा केला. "हवा धरल्यान काय?" तो म्हणाला. तन्वीनं नरसाळं हलवलं. त्यानं परत ओतलं. पेट्रोल नरसाळ्यावरून वाहिलं, तिच्या हातांवरून, गाडीच्या पत्र्यावरून, शेणानं सारवलेल्या खळ्यात. तिनं हात काढून घेतला नाही.

बाळानं ओतणं थांबवलं. कॅन अर्धाही रिकामा झाला नव्हता. त्यानं तो खाली ठेवला, वाकून गाडीखाली बघितलं, टाकी फुटली की काय म्हणून. मग दार उघडून पुढे बसला. चावी गाडीलाच होती, ती त्यानं फिरवली. काटा शून्यावर होता. तो काट्याकडे बघे, खाली जमलेल्या पेट्रोलकडे बघे, परत काट्याकडे बघे. पलीकडचे दोन-चार जण उठून गडग्याशी आले होते.

तन्वी दुसऱ्या बाजूनं आत वाकली. ओला हात तिनं डॅशबोर्डखाली घातला, तिला शोधावं लागलं नाही. बटणाचा टिक असा आवाज झाला. काटा सावकाश उठला, अर्ध्यावर आला, पाऊण झाला, आणि सगळ्यात वरच्या रेघेवर जाऊन टेकला.

"गाडी धुताना माका गावला," ती मला म्हणाली. "तुमी सांगशात म्हणान इतके दिवस वाट बघत होतंय."

 बाळानं काट्यावरून मान वर न करताच विचारलं, "त्या दिवशीय इतक्याच होता?"

"होय," मी म्हणालो.

त्यानं चावी बंद केली आणि खाली उतरला. मला वाटलं तो मला मारेल, आणि त्यानं मारावं असंच मला वाटत होतं. तो टाकीपाशी गेला. नरसाळं काढून तन्वीच्या हातात दिलं, झाकण उचललं, लावलं, घट्ट बसलं का ते दोनदा फिरवून पाहिलं. मग उरलेल्या पेट्रोलचा कॅन उचलला आणि गडगा ओलांडून आपल्या घरात गेला.